लॅपटॉपवरचा जुना बॅकअप नव्या आयफोनमध्ये: पावसाळ्यापासून मोहोरापर्यंतचा अनुभव

देवगडच्या ऐन पावसात माझा आयफोन बंद पडला तो पुन्हा सुरू झालाच नाही. दुसरा घेतला आणि मे महिन्यात, आंब्याचा हंगाम आवरताना विंडोज लॅपटॉपवर काढलेला बॅकअप त्यात भरला. आता कलमांना मोहोर आलाय, म्हणजे पुरेसा वापर झालाय.

आयक्लाऊडवर, म्हणजे अ‍ॅपलच्या ऑनलाइन साठवणीत, फुकट मिळतात ५ जीबी. त्यात माझे फोटोच मावत नाहीत. शिवाय आमच्याकडे लाईट गेली की मागोमाग रेंजही जाते. केबलने बॅकअप काढायला नेट लागत नाही. कोकणात राहणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

भरण्याआधी नवा फोन अपडेट करावा लागला. बॅकअप ज्या आयओएसवर (आयफोन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) काढला त्यापेक्षा फोनमधलं जुनं असेल तर तो चालत नाही; उलट मात्र चालतं. डेटा केबलने भराभर आला. अ‍ॅप्स बॅकअपमध्ये नसतात, ती स्टोअरवरून नव्याने उतरतात, आणि आमच्या नेटवर त्याला रात्र लागली.

सगळ्यात समाधान दिलं ते बॅकअप काढताना केलेल्या 'एन्क्रिप्ट', म्हणजे पासवर्डने कुलूपबंद कर, या एका खुणेने. ती केली नसेल तर सेव्ह केलेले पासवर्ड, वायफाय, कॉल हिस्टरी आणि हेल्थमधली माहिती बॅकअपमध्ये येतच नाही. माझ्या रक्तदाबाच्या सगळ्या नोंदी जशाच्या तशा आल्या. डॉक्टरांना दाखवताना त्यांचा आजही उपयोग होतो. गिऱ्हाइकांचे नंबर, मेसेज आले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पेट्यांच्या ऑर्डरी नंबरची खात्री झाल्यावर दिसू लागल्या. या बॅकअपचा पासवर्ड विसरलात तर तो अ‍ॅपललाही उघडता येत नाही. आमच्याकडे तो बागेच्या हिशेबाच्या वहीत लिहिलेला आहे.

फेस आयडी नव्याने लावावा लागतो. बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स सिमवरून पुन्हा नोंदवावी लागली, ते योग्यच आहे. मे नंतरचे फोटो गेले. पहिल्या पावसात भरून वाहणाऱ्या व्हाळाचे होते, त्यांची हळहळ अजून वाटते. बाकी फोन पहिले एकदोन दिवस तापला, नंतर कुरकुर नाही.

विंडोजवर त्याच फोनचा नवा बॅकअप जुन्यावर बसतो. म्हणून आता दर वेळी आधीचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करतो, मगच केबल लावतो.