वाफेच्या गाडीत बसायचंय? खान्देशातून निलगिरी की दार्जिलिंग

आपली पीजे, म्हणजे पाचोरा–जामनेर ही अरुंद रुळांची छोटी गाडी, 2020 मध्ये थांबली. तेव्हापासून छोट्या गाडीची हौस असलेल्याला खान्देशाबाहेरच जावं लागतं. पोरांना वाफेची गाडी दाखवायची तर कुठे न्यावं, असं ओळखीतले बरेच जण मला विचारतात. मी निलगिरी आणि दार्जिलिंग, दोन्हीकडे जाऊन आलोय.

आधी जवळचं सांगतो. बिलीमोरा–वघई ही गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने 1913 मध्ये सुरू केलेली, 63 किलोमीटरची नॅरोगेज. पीजेची आठवण येत असेल तर नंदुरबार-नवापूरकरांनी तिथेच जावं. पण ती डिझेलवर चालते. महूजवळची पाताळपाणी–कालाकुंडही डिझेलचीच. वाफ हवी असेल तर दूर जाण्यावाचून गत्यंतर नाही.

निलगिरीला जायला जळगाव-भुसावळहून नवजीवन एक्स्प्रेसने चेन्नई गाठायची, तिथून रात्रीच्या गाडीने मेट्टुपाळयम. सकाळी सातच्या सुमारास डोंगरगाडी सुटते. वाटेतल्या कल्लार स्टेशनापासून दोन रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी सुरू होते. इंजिनाचं दातेरी चाक त्यात अडकतं आणि गाडी 12 फुटांना 1 फूट असा चढ चढते. इंजिन पुढे नसतं, मागून ढकलतं. म्हणून प्रत्येक डब्यावर ब्रेकवाला उभा असतो आणि पुढच्याने दाखवलेला झेंडा डब्याडब्याने मागे ड्रायव्हरपर्यंत पोहोचतो. इंजिन पाणी प्यायला थांबतं तेव्हा सगळा डबा खाली उतरतो. गरम तेलाचा आणि ओल्या दगडाचा तो वास माझ्या मुलीला आजही आठवतो.

एक चूक मात्र टाळा. वाफेचं इंजिन कुन्नूरपर्यंतच असतं, पुढे उटीपर्यंत डिझेल लागतं. बरेच जण उटीहून कुन्नूरला फेरी मारतात आणि वाफ न बघताच परततात.

दार्जिलिंगची गाडी 1881 ची, रूळ अवघे दोन फूट रुंद. न्यू जलपाईगुडीपर्यंत जायला भुसावळहून गुवाहाटीकडच्या गाड्या आहेत. दार्जिलिंग–घूम ही जॉयराइड साधारण दोन तासांची, वाटेत बतासियाचा वळसा. चढाला इंजिनाच्या तोंडाशी बसलेला माणूस हाताने रुळावर वाळू टाकत असतो. पोरं त्याच्यावरून नजर हटवत नाहीत. तिकीट काढताना मात्र फेरी वाफेची आहे की डिझेलची, हे नीट बघून घ्या. दोन्ही प्रकारच्या फेऱ्या असतात.

पोरं लहान असतील, चार-पाच तास एका जागी बसणार नसतील तर दार्जिलिंग. गाडी खरोखर डोंगर कसा चढते ते अंगाने अनुभवायचं असेल तर निलगिरी. माझा कौल तिलाच. दार्जिलिंगला पावसाळ्यात दरडी कोसळतात, निलगिरीला ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात. जानेवारीनंतरची तारीख धरा, आरक्षण खुलं होताच काढा, आणि चढताना शेवटच्या डब्यात जागा मिळवा, इंजिन पाठीशीच असतं.