बालीतली एक सकाळ: बातूरची जीप की भातखाचरांतली एटीव्ही?

बालीला गेल्यावर अर्धा दिवस 'ऑफ-रोड'साठी काढायचा ठरला की घरात दोन तट पडतात. एकाला बातूर ज्वालामुखीवरची जीप हवी असते, दुसऱ्याला उबुद गावाजवळची एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची चारचाकी क्वाड बाइक. मी दोन्ही केल्यात. थोडक्यात सांगायचं तर जीप बघणाऱ्यांसाठी, एटीव्ही चालवणाऱ्यांसाठी. एटीव्हीवर दीड तासात मला सगळ्यात जास्त काय दिसलं असेल, तर पुढच्या गाडीची मागची चाकं आणि त्यांवरून उडणारा चिखल. तक्रार नाही, मजाच आली. पण त्याला 'साइटसीइंग' म्हणू नका.

आता जीप. जो तो सूर्योदयाचीच टूर घेतो. दक्षिणेच्या किनाऱ्यावर, कुटा-सेमिन्याकला उतरला असाल तर त्यासाठी रात्री दोनला हॉटेल सोडावं लागतं. उबुदहून तासाभराचा रस्ता, म्हणून जरा उशिरा निघालं तरी चालतं. बातूरजवळच्या किंतामणीत जुन्या लँड क्रूझर किंवा जिम्नीत बसवतात. छत उघडं आणि थंडी अशी की बीचवरचा टी-शर्ट घालून आलेले लोक टॉवेल गुंडाळून बसलेले पाहिलेत. समोर १,७१७ मीटरचा बातूर, पायथ्याशी तळं, हवा स्वच्छ असेल तर लांबवर आगुंग हा दुसरा ज्वालामुखी. दृश्य खरंच देखणं. फक्त त्याच उतारावर आणखी तीस-चाळीस जीप ओळीने उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या बॉनेटवर कुणीतरी हात पसरून उभं असतं.

माझ्या मते पैसे वसूल होतात ते त्यानंतर, काळ्या लाव्हावर. १९६० च्या दशकातल्या उद्रेकांचा हा थिजलेला लोंढा. दगड उचलून पाहा: भोकाभोकांचा, दिसतो त्यापेक्षा हलका, आणि कडा अशा की तळहातावर ओरखडा उठतो. चप्पल घालून आलात तर जीपमधून उतरूच नका. गाडी निघाली की काळी रेती दातांत कचकचते. १९२६ साली अशाच लाव्हाखाली बातूर गाव आणि तिथलं देऊळ गाडलं गेलं. गावकऱ्यांनी दोन्ही वर, ज्वालामुखीच्या विवराच्या कड्यावर नव्याने वसवलं. त्यातलं देऊळ म्हणजेच आजचं पुरा उलुन दानू बातूर. तळ्याच्या देवीचं हे देऊळ, आणि भातशेतीचं पाणी तिच्याच कृपेने येतं अशी शेतकऱ्यांची श्रद्धा. म्हणजे एटीव्ही ज्या खाचरांच्या कडेने जाते, तिथल्या पाण्याची देवी इथे वर बसलेली.

म्हणून माझा सल्ला: झोप मोडू नका, सूर्योदयानंतरची जीप घ्या. लाव्हा आठलाही तिथेच असतो, गर्दी मात्र उतरलेली असते. फक्त फार रेंगाळू नका, दुपारकडे ढग चढायला लागतात.

एटीव्हीचं गणित पावसावर. नोव्हेंबर ते मार्च पावसाळा. तेव्हा बातूर ढगात गडप झाला की जीपवाल्याचा अर्धा दिवस फुकट, एटीव्हीवाल्याचा मात्र दुप्पट रंगतो. अॅक्सिलरेटर उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो, त्यामुळे अर्ध्या तासात अंगठा आणि मनगट भरून येतं. बांबूची बनं, ओढे, चिखलाचे खड्डे, कुठे कुठे बोगदाही. दोघांत एक गाडी स्वस्त पडते, पण मागे बसणाऱ्याला नुसते गचके मिळतात. 'अर्ध्यात बदलू' म्हणणारा नवरा अर्ध्यात बदलत नाही, हेही लिहून ठेवा. परवडत असेल तर स्वतंत्र गाडी घ्या. आणि फेकून द्यायला हरकत नाही असे कपडे घाला.

पैशांचं म्हणाल तर जीपचा दर बहुधा अख्ख्या गाडीचा असतो, चौघं असाल तर वाटून घेता येतो. एटीव्ही माणशी. त्यात जेवण आणि अंघोळीची सोय बऱ्याच ठिकाणी धरलेली असते, पण दक्षिण बालीतून ने-आण धरली आहे का, हे दोन्हीकडे आधी विचारा. मला हे जीपमध्ये बसल्यावर कळलं होतं. प्रवास विम्याची बारीक अक्षरंही वाचा. क्वाड बाइकवरचा अपघात पुष्कळ पॉलिसींमध्ये वगळलेला असतो.

कंबर-मानेचं दुखणं असेल किंवा कुणी गरोदर असेल तर दोन्ही नकोच. जीपमध्ये आरामात बसता येतं ही समजूत पहिल्या खड्ड्यात जाते. अशांसाठी कड्यावरचं पेनेलोकान आहे. नावाचा अर्थच 'बघायची जागा', आणि तिथवर साधी गाडी डांबरी रस्त्याने जाते. आमच्या सासूबाई तिथे कॉफी घेऊन बसल्या होत्या. आम्ही केसांत रेती घेऊन परतलो, तेव्हा त्यांनी तळ्यावरचं धुकं हळूहळू कसं विरलं ते दहा मिनिटं सांगितलं. आम्ही तेव्हा जीपचा दांडा घट्ट धरून बसलो होतो.