'इम्प्रिझन' आणि 'इनकार्सरेट'
इंग्रजीतील या दोन्ही क्रियापदांचा अर्थ कैदेत टाकणे असा असला, तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. 'इम्प्रिझन' जुन्या फ्रेंचमधून साधारण 1300 च्या सुमारास इंग्रजीत रुळले. त्याचे मूळ 'पकडणे' या अर्थाच्या लॅटिन 'प्रेहेंदेरे' या धातूत असल्यामुळे त्यात आधी पकडण्याची कृती आहे, तुरुंगाची इमारत नंतर आली. 1215 च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडमधील हक्कांच्या सनदेच्या 39 व्या कलमात, दस्तऐवज लॅटिन असूनही, अस्सल लॅटिन शब्दाऐवजी फ्रेंचमधून घडवलेले 'इम्प्रिझोनेतुर' हे रूप योजलेले आहे, आणि ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण इंग्लंडच्या तेव्हाच्या राज्यकर्त्यांची फ्रेंच भाषा कायद्याच्या लॅटिनमध्येही शिरली होती.

'इनकार्सरेट' मात्र सोळाव्या शतकात विद्वानांनी थेट लॅटिनमधून घेतले. त्यातील 'कार्सेर' म्हणजे कोंडलेली जागा. रोमच्या रथशर्यतीत घोडे सुटण्यापूर्वी ज्या कप्प्यांत उभे राहत, त्यांनाही हाच शब्द होता. म्हणूनच हर्नियात अडकून परत आत न जाणाऱ्या आतड्यालाही डॉक्टर 'इनकार्सरेटेड' हे विशेषण लावतात. अमेरिकेतील प्रचंड कैदीसंख्येच्या चर्चेत आज हाच शब्द प्रचलित आहे. बेकायदा अडकवून ठेवल्याच्या दाव्यात मात्र न्यायालये अजूनही 'इम्प्रिझन'चेच नामरूप वापरतात.