नववीतल्या मुलाला आधी काय द्यावं: 'शाळा' कादंबरी की सिनेमा?

माझ्या नणंदेचा मुलगा सांगलीत नववीत आहे. परवा तिचा फोन आला, "वहिनी, ह्याला 'शाळा' वाचायला देऊ का सिनेमाच दाखवू? पुस्तकात शिव्या आहेत म्हणे." आमच्या साताऱ्याच्या घरात हा प्रश्न गेल्याच वर्षी येऊन गेलाय, म्हणून लिहिते.

मिलिंद बोकील यांची कादंबरी २००४ची. सुजय डहाके यांचा सिनेमा २०१२च्या जानेवारीत आला, त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोष्ट तीच. आणीबाणीचे दिवस, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी, त्याची टोळी आणि त्याला आवडणारी वर्गातली शिरोडकर.

कादंबरी जोशी स्वतः सांगतो. घरात, वर्गात तो जे ओठांवर येऊ देत नाही, ते सगळं आपल्याला ऐकू येतं. या वयाची मुलं घरात दोन शब्दांत उत्तरं देतात. आत किती चाललेलं असतं, ते या पानांत कळतं. सिनेमात ते मुकुंद झालेल्या अंशुमन जोशीच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. तो आणि शिरोडकर झालेली केतकी माटेगावकर, दोघांनीही नजरेनं खूप सांगितलंय, पण दोन तासांत मित्रांच्या गप्पा आणि कंटाळवाणे तास आटोपते घ्यावे लागतात. मला तेच जास्त आवडतात.

शिव्या आहेत, आवडत्या मुलीला 'लाइन' म्हणायची भाषाही आहे. मैदानावर आपली मुलं याहून वेगळं बोलत नाहीत. त्यासाठी पुस्तक अडवू नका.

खरा फरक मला घरातच दिसला. सिनेमा हॉलमध्ये लावला होता, सासूबाई शेजारी मेथी निवडत बसलेल्या. शिरोडकर पडद्यावर आली की लेक पाणी प्यायला उठायची. पुस्तक मात्र तिनं गच्चीवर, टाकीला टेकून, चार दिवसांत एकटीनं संपवलं. चौथ्या रात्री मी कणीक मळत होते, तर ओट्याशी येऊन म्हणाली, "आई, तुमच्या वर्गात पण लाइन म्हणायचे?" मग पोळ्या राहिल्या बाजूला, आम्ही तासभर बोलत बसलो.

म्हणून माझं मत, आधी पुस्तक. ज्याला जाड पुस्तक बघूनच धडकी भरते, त्याला खुशाल सिनेमा आधी दाखवा. चेहरे ओळखीचे झाले की पानं सोपी जातात.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' मात्र मुलांसोबत बसूनच बघा. जब्यालाही शाळेतली मुलगी आवडते, त्याला जीन्स हवी असते, पण जात त्याला सुखानं मान वर करू देत नाही. त्यानंतर मुलं प्रश्न विचारतात, तेव्हा आपण जवळ हवं.

नणंदेला सांगितलंय, दिवाळीत त्याला घेऊन ये, भिलारला जाऊ. २०१७पासून तिथं घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, त्याचं तो निवडेल. 'शाळा' मी पिशवीत घेऊनच निघेन.