स्वाइप मशीन चांगलं आहे पण कापलेले पैसे दर महिन्याला तपासा

कराडला आमचं भांड्यांचं दुकान आहे, छोटंच, वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत. दोन वर्षांपूर्वी जिथे करंट अकाउंट आहे त्याच बँकेचं स्वाइप मशीन घेतलं. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण बाजारपेठेत चार दुकानदारांशी बोललो तर वेगवेगळ्या बँकांबद्दल हेच ऐकायला मिळतं.

मशीनबद्दल तक्रार नाही. लाइट गेली तरी दिवसभर चालतं, रेंज मिळते, रोल संपला की फोन केल्यावर दोन दिवसांत येतात, पैसे दुसऱ्या दिवशी खात्यात. भाडं महिन्याला 350 अधिक जीएसटी, तेही ठीक.

खरा विषय कमिशनचा, म्हणजे गिऱ्हाइकाने कार्डाने दिलेल्या प्रत्येक बिलातून बँक दुकानदाराचे जे पैसे कापते त्याचा. गेल्या लग्नसराईत एका गिऱ्हाइकाने मुलीच्या संसाराची सगळी भांडी आमच्याकडून घेतली, पितळेचे हंडे, स्टीलचे डबे, कुकर, मिक्सर, बिल झालं 54,000. मुलीच्या वडिलांनी डेबिट कार्ड घासलं, रुपेचं नव्हतं (रुपे डेबिटवर 1 जानेवारी 2020 पासून काहीच कापत नाहीत). स्टेटमेंट बघतो तर 486 रुपये गेलेले, वर 18 टक्क्यांनी 87.48 जीएसटी. आता रिझर्व्ह बँकेचा नियम 2018 पासून असा आहे की 20 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराकडून मशीनवर डेबिट कार्डाला जास्तीत जास्त 0.40 टक्के, आणि एका व्यवहाराला 200 च्या वर नाही. मोठ्यांना 0.90 टक्के, मर्यादा 1000. म्हणजे माझे 200 जायला हवे होते आणि मला मोठ्या व्यापाऱ्याचा दर लावला होता, आणि तोही मशीन आल्या दिवसापासून!

शाखेत गेलो तर साहेब म्हणाले सिस्टीममध्ये तुमची कॅटेगरी तशीच दिसतेय, मुंबईला कळवतो. सीएकडून उलाढालीचा दाखला आणून दिला, रिटर्नच्या झेरॉक्स दिल्या, तीन महिने नुसतं कळवलंय कळवलंय. शेवटी लेखी तक्रार दिली आणि त्यात स्पष्ट लिहिलं की 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, तेव्हा कुठे आठवड्यात दर बदलला. फरक परत मिळाला पण फक्त सहा महिन्यांचा, त्याआधीचा अजून नाही, त्यासाठी पाठपुरावा चालू आहे.

म्हणजे डेबिटला नियम होता म्हणून बोट ठेवून भांडता तरी आलं. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादाच नाही, बँक सांगेल तो दर. मला 1.80 टक्के लावलाय. 6,500 चा मिक्सर क्रेडिट कार्डावर गेला की 117 आणि जीएसटी धरून 138 रुपये जातात, त्या मिक्सरवर मला सुटतात जेमतेम 400. त्या कमिशनमधला मोठा वाटा गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि गिऱ्हाइकाला पॉइंट मिळतात ते बरेचसे यातूनच. गिऱ्हाइकाकडून दोन टक्के जादा मागणं मला पटत नाही, डेबिटवर तर तसं घ्यायचंच नाही असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलेलंय, पण आमच्या ओळीतली बरीच दुकानं सर्रास घेतात आणि मग कार्डवालं गिऱ्हाईक परत येत नाही.

मी फुकट मागत नाहीये, मशीन आणि नेटवर्क चालवायला खर्च येतो हे कळतं. पण युरोपात 2015 पासून कार्ड देणाऱ्या बँकेच्या वाट्यावर मर्यादा आहे, साध्या ग्राहकांच्या डेबिटला 0.2 आणि क्रेडिटला 0.3 टक्के. आपल्याकडे निदान 20 लाखांच्या आतल्या दुकानदाराला तरी क्रेडिट कार्डावर कमाल दर ठरवून द्यायला काय हरकत आहे, डेबिटला जमलं तर इथेही जमेल.

मशीनला चार स्टार, कमिशनच्या कारभाराला एक. मशीन ठेवणार आहे, लग्नाच्या खरेदीला लोक आता एवढी रोकड घेऊन येत नाहीत. नवीन घेणाऱ्यांनी अर्ज भरताना उलाढालीचा रकाना स्वतः भरा, एजंटला भरू देऊ नका, आणि डेबिट, क्रेडिट दोन्हीचे दर बँकेच्या लेटरहेडवर लिहून घ्या. पहिल्या महिन्याचं स्टेटमेंट आलं की कॅल्क्युलेटर घेऊन बसा.