करसल्लागार हुशार, पण फोन उचलत नाहीत : चार तारे

कोल्हापुरात इंटिरिअरची कामं करते. साइटवर फिरायला इलेक्ट्रिक गाडी कर्जावर घेतली. शोरूममधला मुलगा छातीठोकपणे म्हणाला होता, "मॅडम, दीड लाखापर्यंतचं व्याज टॅक्समधून वजा!" राजारामपुरीतल्या आमच्या सल्लागारांनी कर्जाच्या मंजुरीची तारीख पाहिली आणि नकारार्थी मान हलवली. कलम ८०ईईबीची ती सवलत १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ दरम्यान मंजूर झालेल्या कर्जांनाच.

मग त्यांनी व्याज व्यवसायाच्या खर्चात धरलं, तेही कामाच्या फिरण्यापुरतं. गणपतीपुळ्याची सहल वगळायला लावली. हप्त्यातलं मुद्दल खर्चात येत नाही, घसारा (गाडीची वापराने घटणारी किंमत) वेगळा, आणि ४४एडीए या ठोक नफा धरण्याच्या कलमाखाली निम्मं उत्पन्न नफा म्हणून दाखवलं तर व्याज वेगळं मागता येत नाही. सगळं न कंटाळता समजावलं.

आमच्या ह्यांनी पगारावर हीच गाडी घेतली असती तर वजावट शून्य. पगारदाराची गाडी म्हणजे हौस, म्हणून सवलत नाही म्हणा, पटतं. पण एसटी दिवसातून दोनदा येते त्या गावच्या मास्तरांना हे सांगायला मी जाणार नाही.

एक तारा कापला, कारण जुलैत फोन लागतच नाही. थेट ऑफिसात जा.