वरण की उसळ? मोजक्या पैशांत चार माणसांच्या ताटासाठी

महिन्याच्या वाणसामानाला कात्री लावायची वेळ आली की अनेक मराठी घरांत पहिला फरक यादीत न पडता पातेल्यात पडतो : आमटी पातळ होऊ लागते. तूरडाळीचा भाव चढला की एक वाटी डाळीची पाऊण वाटी होते, पाणी थोडे वाढते, आणि ताटात डाळ आहे या समाधानात ती किती आहे हे कोणी मोजत नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेली तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात हेच झाले होते. रोजच्या ताटात वरण-आमटीला किती जागा द्यावी आणि उसळीला किती, हा प्रश्न मी तेव्हापासून तराजू समोर ठेवून सोडवत आले आहे. ज्यांना पाकीटबंद पदार्थांचा आधार न घेता घरच्यांना पोटभर आणि सकस वाढायचे आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

आधी दाण्यांचे पाहू. कोरड्या वजनावर १०० ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिने असतात, मटकी, मूग, चवळी आणि मसूर यांत २२ ते २५ ग्रॅम, तर अख्ख्या हरभऱ्यात १९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे गुणाने कोणीच फार मागे नाही, आणि ज्या महिन्यात जे स्वस्त ते घ्यावे इतका हा हिशेब सोपा आहे. समजा, तूरडाळ १५० रुपये किलो, मटकी १३०, मसूरडाळ ९५ आणि हरभरे ९० रुपये आहेत. मग १० ग्रॅम प्रथिने तुरीतून पावणेसात रुपयांना, मटकीतून साडेपाच-पावणेसहा रुपयांना, हरभऱ्यातून पावणेपाच रुपयांना आणि मसुरीतून चार रुपयांना मिळतात. सात रुपयांच्या अंड्यातून तेवढीच प्रथिने घ्यायची तर दहा-अकरा रुपये पडतात. भाव गावोगावी आणि हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून हे आकडे नमुन्यादाखल धरून आपल्या दुकानातल्या भावाने गणित पुन्हा करावे. मटकी दरवेळी तुरीपेक्षा स्वस्त असतेच असे नाही. मसूर आणि हरभरे मात्र बहुतेक वेळा असतात.

तरीही खरा फरक ताटात वाढल्यावर पडतो, आणि माझ्या मते निर्णय तिथेच व्हायला हवा. चार माणसांच्या आमटीला आमच्याकडे १०० ग्रॅम तूरडाळ लागते, म्हणजे माणशी साडेपाच ग्रॅम प्रथिने. उसळ मात्र पातळ करून पुरवता येत नाही, तिला दाणेच लागतात. चौघांच्या उसळीला २०० ग्रॅम हरभरे भिजवले तर माणशी साडेनऊ ग्रॅम प्रथिने पोटात जातात, आणि वरच्या भावाने खर्च पंधराऐवजी अठरा रुपये येतो. तीन रुपयांत एवढे वाढवून देणारी दुसरी वस्तू मला किराण्यात सापडलेली नाही. प्रौढ माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५०. त्यांतली बरीचशी पोळी-भाकरी आणि भातातून येतात हे खरे, पण धान्यात लायसिन हा प्रथिनांचा आवश्यक घटक कमी असतो आणि तो भरून काढायला डाळ किंवा कडधान्य पुरेसे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या सूचनांत २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात डाळी-कडधान्यांसाठी ८५ ग्रॅम धरले आहेत. पातळ आमटीच्या घरात माणशी २५ ग्रॅमच पडतात.

मोडांबद्दल एक समज दूर करायला हवा. मोड आल्याने प्रथिने वाढत नाहीत. मी एका गुरुवारी रात्री पाव किलो मटकी भिजत घातली, शुक्रवारी सकाळी उपसून ओल्या पंचात पुरचुंडी बांधली आणि शनिवारी सकाळी अर्धा-पाऊण इंचाचे मोड आल्यावर तोलली, तेव्हा ती ५४० ग्रॅम भरली. वाढले ते सगळे पाणी. म्हणून बाजारात मोड आलेली मटकी घेताना तिचा भाव कोरड्या मटकीच्या निम्म्या भावाशी ताडून पाहावा. त्याच्या वर जे काही जाते, ते आपण पाण्याचे आणि दुसऱ्याच्या श्रमाचे देतो. मोडांचा लाभ वेगळा आहे : दाण्यातले लोह-जस्त अडवून धरणारे फायटेट कमी झाल्याने ती अंगी लागायला मदत होते, ‘क’ जीवनसत्त्व तयार होते आणि दाणा लवकर शिजतो. शिजवताना ‘क’ जीवनसत्त्व काही प्रमाणात जाते, तेव्हा ताटात लिंबू पिळावे. कच्चे मोड लहान मुलांना आणि गरोदर बाईला देऊ नयेत, कारण त्या ओलाव्यात जंतूही वाढतात. पुरचुंडी चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर तो घाणा टाकूनच द्यावा. उन्हाळ्यात एका रात्रीत मोड येतात, थंडीत दोन लागतात.

गॅसच्या बाबतीत वरणाचे पारडे जड आहे आणि ते मान्य केले पाहिजे. कुकरमध्ये खाली डाळ आणि वर भात असा डब्यावर डबा ठेवला की एकाच आचेत दोन पदार्थ होतात. मोडाची मटकी झाकण ठेवून दहा-बारा मिनिटांत शिजते, पण हरभरे आठ तास भिजवूनही पाच-सहा शिट्ट्या मागतात. चिंच, आमसूल किंवा टोमॅटो आधी घातले तर कोणतीही डाळ वा दाणा शिजायला वेळ लावतो, म्हणून आंबट नेहमी नंतर. तेलातही उसळ महाग पडू शकते : तर्रीच्या नादात चार पळ्या तेल गेले तर वाचवलेले पैसे तिथेच संपतात. फोडणीला दोन चमचे पुरतात. दाटपणा शेंगदाण्याच्या कुटाने किंवा उसळीतलेच थोडे दाणे चेचून आणावा.

घरात वर्षाच्या आतले मूल असेल, कोणी आजारी असेल किंवा वातुळ पदार्थ न सोसणारे आजी-आजोबा असतील, तर वरणच हवे, पण घट्ट. बाळाला डाळीच्या वरचे पाणी पाजण्याची पद्धत अजून चालू आहे आणि मला तिची फार काळजी वाटते, कारण डाळीचे सत्त्व बहुतेक सगळे खाली राहते. ती डाळ घोटून, तुपाचा थेंब घालून भरवावी. तुरीत निम्मी मसूर घालून शिजवली तर चवीत फारसा फरक कळत नाही आणि खर्च उतरतो. कोकणातले कुळथाचे पिठले आणि गोव्यातले अळसांद्यांचे (तिकडच्या चवळीचे) नारळ घातलेले तोणाक हे उसळीला कंटाळलेल्या घरासाठी आयते उत्तर आहे.

माझा कौल आठवड्यात चार दिवस उसळीला आणि तीन दिवस घट्ट वरणाला आहे. चौघांच्या घराला महिन्याला तूरडाळ एक किलो, मसूरडाळ एक किलो, मटकी एक किलो, हरभरे दीड किलो आणि चवळी एक किलो असे साडेपाच किलो लागते. वरचेच भाव आणि चवळीला ११० रुपये धरले तर ६२० रुपये होतात. तेवढीच नुसती तूरडाळ ८२५ रुपयांना पडेल. रोजच्या पातळ आमटीची तीन किलो तूर ४५० रुपयांत भागते. मधले १७० रुपये आमच्या घरी बिस्किटांच्या पुड्यांतून निघाले. चारच्या भुकेला आता उकडलेल्या हरभऱ्यांवर कांदा-लिंबू असते आणि ते हरभरे वरच्या दीड किलोतलेच असतात.